नमाजेपुरते इमाम

कुणी ‘मौलाना’ अशी हाक मारली की चाचा आधी दाढीवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, “ही नुसती दाढी आहे, भावा. मौलाना व्हायला वर्षानुवर्षं शिकावं लागतं.”

चाकणच्या कंपनीत तपासणीच्या टेबलावर आम्ही शेजारी होतो. असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल, ज्याला सगळे धर्माचं विचारतात आणि जो सांगायला घाबरतो. पोरं मुद्दाम त्यांच्याकडे फतवा मागायची. फतवा म्हणजे विद्वानाचं मत, माझ्यासारख्याचं नव्हे, असं सांगून ते चहा घ्यायला निघून जायचे. मोबाइलवर कुणी धर्माचा नियम म्हणून काही पाठवलं, तर मात्र विचारायचे, “कुठं लिहिलंय? सांगणारा कोण?”

एका शुक्रवारी मी त्यांना नेहमीसारखं बाइकवरून नमाजेला नेलं. एका शेडवरच्या नमाजेच्या खोलीत माणसं दाटीवाटीनं बसलेली आणि इमाम तळेगाव चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलेले. जेवणाची सुट्टी संपत आली होती. सगळ्यांनी चाचांकडे पाहिलं. चाचांनी दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. मी बौद्ध घरातला, मी काय सांगणार? मी इमामांना फोन लावून स्पीकरवर टाकला.

इमाम म्हणाले, तुम्हीच उभे राहा, माझी परवानगी आहे. खुतबा, म्हणजे नमाजेआधीचं प्रवचन, छोटा असला तरी चालतो. अल्लाहची स्तुती करा, कुराणातली एखादी आयत म्हणा, पुरे.

चाचा फोनकडे वाकले. “पण हे कुठं लिहिलंय?”

पलीकडून गाड्यांच्या हॉर्नचा गोंगाट आला. “किताबात लिहिलंय, चाचा. मी रिक्षात बसलोय, पान कसं दाखवू?”

अख्खी खोली हसली. चाचाही हसले आणि त्या हसण्याच्या भरातच उभे राहिले. खुतबा इतका झटपट आटोपला की हातपाय धुवायला गेलेले दोघे धावतच रांगेत शिरले.

नमाज झाल्यावर लोक ‘इमामसाहेब, इमामसाहेब’ म्हणत हात मिळवू लागले.

“नमाजेपुरता इमाम,” चाचा म्हणाले. “नमाज संपली, पद संपलं. चल भावा, गाडी काढ.”

यंदा ते रिटायर होऊन सोलापूरला मुलीकडे राहायला गेले. मला आठवतो तो त्या दुपारचा परतीचा रस्ता. मागे बसून ते इतके खदखदून हसत होते की बाइक डुलत होती. मग त्यांनी माझ्या पाठीवर डोकं टेकवलं. शर्टाला ओल लागली तेव्हा कळलं, ते रडतही होते. उशीर झाला होता, तरी मी गाडी जरा हळू घेतली.