गार्डसाहेबांची जागा

गार्डसाहेबांची पाठ मी एकदाच पाहिली. क्योतोतल्या इतक्या वर्षांत, इतक्या रविवारी आम्ही बरोबर सायकली चालवल्या, पण ते कधी पुढे गेलेच नाहीत. त्यांची घंटी मला माहीत होती, चढावर नाकातून सोडलेला श्वास माहीत होता, आणि दर वळणावर मागून येणारं 'मी आहे मागे' हे तर मी झोपेतही ओळखलं असतं. पाठ तेवढी माहीत नव्हती. आगगाडीच्या शेवटच्या डब्यात गार्ड असतो तसा हा माणूस, म्हणून कुणीतरी त्यांना गार्ड म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं. खरं नाव डॉक्टर सबनीस. विद्यापीठात ते सबनीस-सान होते, तोंडावर आम्ही त्यांना सर म्हणायचो, आणि आपसात गार्डसाहेब.

आमचा कंपू म्हणजे कोबे आणि क्योतोतली मराठी मंडळी. अर्धे आयटीवाले, अर्धे माझ्यासारखे कॉन्ट्रॅक्ट कधी संपतंय याच्या काळजीत असलेले पोस्टडॉक. सगळ्यांत संथ मी. चढ आला की बाकीचे बघता बघता दिसेनासे व्हायचे आणि मी धापा टाकत मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालायची. पहिल्याच रविवारी एका घाटात मी सरळ उतरले आणि सायकल ढकलत चालायला लागले. मागे पाहते तर गार्डसाहेबही उतरून चालताहेत. मी म्हटलं, तुम्ही व्हा ना पुढे, तुम्हाला कशाला शिक्षा? तर म्हणाले, "मला घाई नाही. आणि मागे कुणी नसलं की चढ जास्त वाटतो." साठीला टेकलेला माणूस, माझ्यापेक्षा दुप्पट दमाचा, पण माझ्या चालीनं चालत वर आला. मी शेवटून दुसरी आणि ते शेवटचे, अशी जोडी मग कायमची ठरून गेली. त्यांच्याबद्दल मला इतरांपेक्षा जास्त माहीत असायचं कारण एवढंच.

त्यांची सायकल हिरव्या रंगाची, पोलादी, लांबच्या प्रवासाची होती. मडगार्ड, मागे कॅरिअर, पुढे कॅनव्हासची पिशवी. पिशवीत पाना, पंक्चरचं सामान, जादा ट्यूब, ब्रेकच्या तारा आणि एक छोटी तेलाची बाटली. आमच्यातला कोबेचा रोहित दर बोनसला सायकलीत काहीतरी नवीन बसवायचा. कधी कार्बनची चाकं, कधी डिस्क ब्रेक, कधी डोंगरातल्या वाटांसाठी दुसरी सायकलच. आपली सायकल आता किती हलकी झाली हे तो प्रत्येकाच्या हातात देऊन दाखवायचा. गार्डसाहेबांनी एकदा ती उचलून पाहिली, शांतपणे खाली ठेवली आणि म्हणाले, "छान आहे. आता पाठीवरच्या पिशवीतल्या चकल्या काढ, म्हणजे आणखी हलकी होईल." रोहितसकट सगळे हसले. त्याला वाटायचं, गार्डसाहेबांना नव्या वस्तूंचं वावडं आहे. मलाही तेव्हा तसंच वाटायचं.

एका बाबतीत मात्र त्यांच्यापुढे कुणाची थट्टा चालत नसे, ती म्हणजे बोगदा. जपानातले डोंगरी रस्ते सुंदर, पण बोगदे सायकलवाल्याच्या जिवावर उठलेले असतात. आत अंधार, बाजूला वीतभर जागा, आणि मागून लाकडं भरलेला ट्रक आला की तो अंगावरूनच चालल्यासारखा आवाज घुमतो. गार्डसाहेब बोगद्याच्या तोंडाशी सगळ्यांना थांबवायचे, एकेकाचे दिवे तपासायचे, चाकात हवा आहे का ते अंगठ्यानं दाबून पाहायचे. मग दर वेळी तेच सांगायचे, "आत कुणी थांबायचं नाही. काही झालं तरी बाहेर पडायचं. मी आहे मागे." आणि आत शिरलं की शेवटपर्यंत घंटी वाजवत राहायचे. ट्रकच्या आवाजात ती बुडायची, पुन्हा वर यायची. ऐकू आली की मला पायडल मारायला बळ यायचं.

दुसरी सवय जरा विचित्र होती. कुठलीही उभी सायकल दिसली की गार्डसाहेब वाकून चेन मधोमध बोटानं दाबून बघायचे. आमच्या सायकलींचं ठीक होतं, पण ते सुपरमार्केटबाहेर, स्टेशनच्या पार्किंगमध्ये, परक्या बायकांच्या बास्केटवाल्या सायकलींशीही तेच करायचे. सैल वाटली तर तोंडानं च्च करायचे. कधी मालकीण समोर आली तर सुमिमासेन, म्हणजे माफ करा, असं पुन्हा पुन्हा म्हणत कंबरेत वाकून, चेन सैल आहे, आजच दुकानात दाखवा, असं अगदी काकुळतीनं सांगायचे. बिचाऱ्या घाबरून हो म्हणायच्या.

एकदा व्हायचं तेच झालं. सायकलचोर समजून एका पोलिसानं त्यांना हटकलं. मी बरोबर होते. पोलीस सभ्य होता. त्यानं गार्डसाहेबांची सायकल त्यांचीच आहे ना एवढं पाहायला फ्रेमवरच्या नोंदणीच्या स्टिकरचा नंबर वायरलेसवर वाचून दाखवायला सुरुवात केली. इथे प्रत्येक सायकलीला तो स्टिकर असतो आणि असा नंबर वाचला जाणं आम्हा परदेशी लोकांना काही नवीन नव्हतं. पण गार्डसाहेब एकदम फुटपाथवर खाली बसले. चेहरा पांढराफटक. पोलीसच घाबरला, रस्त्याकडेच्या मशीनमधून पाण्याची बाटली घेऊन आला. पुढच्या रविवारी मी तो किस्सा मीठमसाला लावून सगळ्यांना सांगितला आणि गार्डसाहेब पोलिसाला कसे टरकले म्हणून आम्ही पोट धरून हसलो. तेही हसले.

त्याच हिवाळ्यात मी त्यांच्या घरी एक पाना परत द्यायला गेले. नीटनेटकं, एकट्या माणसाचं घर. बाल्कनीत ताडपत्रीखाली काहीतरी होतं आणि वाऱ्यानं एक टोक उडालं होतं. खाली बायकांची बास्केटवाली साधी सायकल दिसली. गंजून लाल झालेली, हँडल वाकलेलं, चेनवरचं झाकण फाटलेलं, आणि आतून चेन खाली लोंबत होती. माझी जीभ नेहमीप्रमाणे डोक्याच्या पुढे धावली. मी म्हटलं, "काय हो सर, सगळ्या क्योतोच्या चेनना तुमचं तेल, आणि घरच्या सायकलीचे हे हाल?"

गार्डसाहेबांनी ताडपत्री नीट केली. चहा ओतला. मग म्हणाले, "ही वसुधाची."

त्यांना बायको होती हेही मला माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांनी सगळं सांगितलं, एखादा प्रयोग कसा केला ते सांगावं तसं क्रमानं. २०११ साली ते उत्तरेला, मियागीच्या किनाऱ्यावरच्या एका गावात समुद्री शेवाळावर काम करत होते. भूकंप थांबल्यावर ते घरी धावले. त्सुनामीचा भोंगा वाजत होता, वर शाळेकडे जायचा एकुलता रस्ता गाड्यांनी भरून गेला होता, म्हणून दोघं सायकलींवर निघाले. त्यांच्या हिरव्या सायकलीला नुकतेच चढाचे नवे गिअर बसवले होते. वसुधाताईंच्या सायकलीला गिअर नव्हता आणि चेन सैल झाली होती, अधूनमधून पडायची. झाकणाआडची चेन ती. एकदा पडली की स्क्रू काढल्याशिवाय आत हात जात नाही. रविवारी बघतो, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. निघताना ते म्हणाले, तू माझ्यामागे ये, थांबू नकोस. थोडा वेळ तिच्या मडगार्डचा खडखडाट मागे ऐकू येत होता. मग माणसांचा, गाड्यांचा, सगळाच आवाज वाढला. शाळेच्या मैदानात पोचून त्यांनी वळून पाहिलं.

"मला वाटलं ती मागे आहे," ते म्हणाले. खाली परत निघाले तेव्हा चौघांनी त्यांना धरून ठेवलं होतं.

काही महिन्यांनी चिखलातून ती सायकल निघाली. स्टिकर शाबूत होता. नंबरावरून पोलिसांनी मालक शोधला आणि सायकल अदबीनं त्यांच्या हवाली केली. सायकल आली, वसुधाताई आल्या नाहीत. आजवर नाहीत. चेन पडलेलीच होती. "ती रस्त्यात पडली की पाण्यानं पडली, हे कळायला मार्ग नाही," गार्डसाहेब म्हणाले. घरी येऊन मी त्या पोलिसाच्या किश्शावर आपण किती हसलो ते आठवत बसले आणि रडले.

वसुधाताई गेल्या हे तिकडच्या सरकारी कचेरीनं केव्हाच मान्य केलं होतं. गार्डसाहेबांनी नाही. म्हणून ते क्योतोत राहत होते, समुद्रापासून लांब; पण दर मार्चमध्ये सायकल सुटी करून पिशवीत भरायची, ट्रेननं उत्तरेला जायचं आणि त्या किनाऱ्यानं सायकल चालवून यायचं हे चुकलं नाही. तिथे अजूनही काही माणसं काठ्यांनी वाळू टोचत शोधतात, त्यांच्यात हे असायचे. परत आल्यावर काही बोलायचे नाहीत. एका वर्षी फक्त म्हणाले, की आता भिंत उंच बांधलीय, रस्त्यावरून समुद्र दिसत नाही.

त्यांची मुलगी ईरा पुण्यात. तिचा दर आठवड्याला फोन यायचा आणि दर फोनला एकच आर्जव, बाबा, आता या. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, असं आपल्याकडे करतात. बारा वर्षं भरली आणि ईरानं गुरुजींशी बोलून दिवसही ठरवला. आईला आता तरी मोकळं करा, असं ती म्हणाली. नोकरी तशीही संपत आली होती. पण विधी करायचा म्हणजे वसुधा आता नाही हे स्वतःच्या हातानं मान्य करायचं, आणि इथून निघायचं म्हणजे तिला इथेच मागे टाकून पुढे जायचं. त्यांनी पुष्कळ दिवस उत्तर दिलं नाही. मग एका रविवारी चढावर, माझ्या मागून, सहज सांगितल्यासारखं म्हणाले की तिकीट काढलंय. वसुधाची सायकल बांधून बरोबर नेणार. हिरवी तू ठेव, सीट खाली घेतलीस की तुला बसेल.

निघायच्या आधीच्या रविवारी आम्ही डोंगरातल्या मियामा गावाच्या रस्त्याला गेलो. रोहितनं झेंडूच्या फुलांचा हार कुठून पैदा केला कोण जाणे, तो त्यानं हिरव्या सायकलीच्या हँडलला घातला आणि जाहीर केलं, "आज सर पुढे. आज तुम्ही इंजिन." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याला बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. मी काही बोलणार तोच गार्डसाहेबांनी माझ्याकडे पाहून, नको, अशी मान हलवली. "बघतो जाऊन," ते म्हणाले. मग आपला मोठा लाल दिवा काढून माझ्या सीटखाली बसवला आणि हळूच म्हणाले, "मागे तू राहा."

तेव्हा मी त्यांची पाठ पाहिली. बारीक, किंचित वाकलेली, डावा खांदा उजव्यापेक्षा खाली. त्या दिवशी सगळेच त्यांच्या मागे हळू चालले होते, म्हणून चढभर ती ताठ धरलेली पाठ मला दिसत राहिली. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. वळायचं नाही असं ठरवून आले होते हे लांबून मानेवरूनच कळत होतं. बोगद्यापाशी थांबले नाहीत, दिवे तपासले नाहीत, सरळ आत गेले. शेवटची मी. आत शिरले आणि माझ्या मागे पहिल्यांदाच कुणी नव्हतं. मग मी घंटी वाजवायला लागले. अंगठा दुखेपर्यंत, बोगदा संपेपर्यंत वाजवली. पुढे त्यांना ऐकू जावी एवढंच डोक्यात होतं.

बाहेर आले तर सगळे रस्त्याकडेला पाणी पीत, हसत उभे. गार्डसाहेब सायकल आडवी टाकून बोगद्याकडे तोंड करून उभे होते. मी त्यांच्याजवळ जाऊन म्हटलं, "सगळे आले, सर." त्यांनी मान हलवली. पण नजर माझ्यावरून निघून पुन्हा त्या अंधाऱ्या तोंडाकडे गेली. बाकीची मंडळी निघाली, उतारावर दिसेनाशी झाली, तरी ते तसेच. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. त्याशिवाय मला दुसरं काय येत होतं?

ते पुण्याला गेले. हिरवी सायकल मी सीट खाली घेऊन चालवते आणि कंपूत आता शेवटची जागा माझी आहे. संथ असल्याचा एवढा एक उपयोग झाला.

विधीनंतर ईराचा फोन आला. तिच्याशी मी पहिल्यांदाच बोलत होते. ती म्हणाली, बाबांनी सगळं नीट केलं, मंत्र म्हटले, अग्नी दिला, डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. मग गुरुजींनी सांगितलं, आता निघायचं, मागे वळून कुणी पाहायचं नाही. सगळे निघाले. फाटकाशी येऊन ईराला जाणवलं की बाबा बरोबर नाहीत, आणि न राहवून तिनं वळून पाहिलं. ते तिथेच, आगीकडे तोंड करून उभे होते. गुरुजी चिडले. ईरानं हाक मारली.

गार्डसाहेबांनी न वळता हात हलवला. म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. मी आहे मागे."