कासऱ्याचं दुसरं टोक

चैत्र पौर्णिमेनंतरचा शुक्रवार, सकाळ. ठिकाण महाळुंगे पडवळ, नामदेवमामांची दशक्रिया. हजर: मामी, दोघे मामेभाऊ, भावकी, आसपासच्या गावांतले शर्यतीचे बैलगाडामालक आणि मी. पाहुण्यांची, जेवणाची, भाषणांची यादी माझ्याकडेच होती. श्रद्धांजलीचा बोर्डही माझ्याच दुकानातला. त्यावर मामांचा मतदार ओळखपत्रावरचा फोटो, मोठा करून आणखीच पुसट झालेला. मामी तो बघून म्हणाल्या, "मीने, तू एवढी चित्रं काढती, अन् मामाला ह्यो फोटू?" मी यादीतलं पुढचं नाव पुकारलं. त्याला आता महिना झाला.

वारूळवाडीच्या माझ्या टायपिंगच्या दुकानात कॉम्प्युटर आला, तेव्हा फ्लेक्स नुकते निघाले होते. माउसनं चित्र काढायला मी आपली आपणच शिकत होते. गोल काढायला जावं तर बटाटा व्हायचा. तरी पहिलं मोठं काम मामांनी दिलं: यात्रेच्या बोर्डावर त्यांची शर्यतीची बैलजोडी, हरण्या आणि राजा. हरण्या कसाबसा जमला. यात्रा तोंडावर आलेली, म्हणून मी त्याचीच कॉपी केली, उलटी फिरवली आणि शेजारी ठेवली. झाली जोडी! बोर्ड शर्यतीच्या घाटात, बैलगाडे पळतात त्या चढावर, लागला, तसा एक गाडामालक ओरडला, "नामदेवराव, राजा इकला का काय?" दुसरा म्हणाला, "इकला न्हाई राव, हरण्यालाच आरशापुढं हुबा केलाय!" सगळा घाट हसला. राजाचं एक शिंग वाकडं, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी बोर्डाच्या मागे जाऊन उभी राहिले... मामांचा आवाज तेवढा ऐकू आला. "माझ्या भाचीनं काढलाय. राजा पुढल्या सालाला येनार हाय." बोर्ड त्यांनी उतरवू दिला नाही.

मग दर रविवारी मी त्यांच्या गोठ्यापुढे, पेन्सिल घेऊन. मामा कासरा धरून राजाला उभा करत आणि त्याच्याशी बोलत राहत, "हालू नगं, बाईसाहेब चुकतील." दुकानात आले की कागद स्कॅन करायचा आणि त्या रेघांवरून माउस फिरवायचा. आधी वशिंड जमलं, मग खूर, शेवटी ते वाकडं शिंग. पुढच्या यात्रेत लोक बोर्डापुढे थांबून म्हणाले, "ह्यो बग राजा!" मामा दिवसभर बोर्डाच्या आसपासच घुटमळत होते.

अशाच एका रविवारी ते म्हणाले होते, "त्याच्यासंगं मलाबी काढ की." मी मान वर न करता म्हटलं, "मामा, जरा बाजूला व्हा, सावली पडतीय." ते हसले आणि बाजूला झाले. पुन्हा कधी म्हणाले नाहीत. मीही कधी विचारलं नाही.

परवा ते सगळे कागद काढून बसले. राजा आता मला न बघता काढता येतो. प्रत्येक कागदावर त्याच्या मानेपासून कासरा निघतो आणि कडेला येऊन थांबतो. एका कागदावर फक्त मामांची मूठ आली आहे, अंगठ्याचं नख काळवंडलेलं. त्याच्या पलीकडे कागद नाही.

तो कागद स्कॅन करून मी डाव्या बाजूला एका माणसाएवढी जागा वाढवून ठेवली आहे. मामींना वर्षश्राद्धाला बोर्ड द्यायचा आहे. रोज दुकान उघडलं की आधी ती फाइल उघडते. मूठ आहे. मनगटापासून पुढचं काढायचं राहिलं आहे.