दहा, वीस, तीस

नांदेडच्या त्या दवाखान्यात खोकला दाखवायला गेलो, तेव्हा माझ्याआधी दोघंच बसले होते. तरी म्हाताऱ्या कंपाउंडरनं मला तीस नंबरची चिठ्ठी दिली. मी सॉफ्टवेअरवाला. असल्या अडाणी मोजणीवर हसण्याचाच मला पगार मिळतो.

"काका, मग चौथ्याला चाळीस का?"

"हाव." त्यांनी पेन कानावर खोचला. "बिलोलीला बेसिक शिकलो, ती कॉम्प्युटरची जुनी भाषा. कॉम्प्युटर एकच, त्याच्यावर कायम चादर. आम्ही वहीतच प्रोग्राम लिवायचो. ओळींना नंबर दहा, वीस, तीस. इसरलेली ओळ मधी घालता येती."

वा! जगानं अडगळीत टाकलेली भाषा इथं रुग्णसेवा करत होती. मीही ऐकवलं, की लातूरच्या एका दवाखान्यात आमचं टोकनचं ॲप एक, दोन, तीन असं शिस्तीत चालतं.

तेवढ्यात इस्लापूरहून धाप लागलेल्या एका म्हातारीला उचलून आणलं. काकांनी चिठ्ठीवर पाच लिहिलं आणि दहा नंबरच्या आधी तिला आत घेतलं. बाकी कुणाचीच चिठ्ठी बदलावी लागली नाही.

पेन पुन्हा कानावर गेला. "तुमच्या ॲपात ही बाई कुठं बसली असती, साहेब?"

"शेवटी," मी म्हणालो.