फिक्या पडलेल्या गालिच्याची चौकशी

मदिनेतली ती चौकशी आठवली की आजही मला माझीच लाज वाटते. रत्नागिरीत पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झालो आणि मदिनेतल्या एका हॉटेलात सुरक्षा अधिकारी म्हणून लागलो. वर्दी उतरली होती, खाक्या तोच होता.

हॉटेलच्या दर्शनी दालनात मालकाच्या आजोबांच्या वेळचा इराणी गालिचा होता. जानमाजीवर, म्हणजे नमाजाच्या आसनावर, असते तशी महिरप आणि तिच्यात गच्च वेली, कमळं, डाळिंबाची फुलं. तो धुऊन पुन्हा अंथरला, त्याच सकाळी स्वागतकक्षातल्या एकाने व्यवस्थापकाला खबर दिली, "रंग बघा, केवढा फिका! गालिचा बदललाय."

धुण्याचं काम दापोलीकडच्या एका कामगाराने केलं होतं. संध्याकाळपर्यंत उलगडा झाला नाही, तर चोरीचा ठपका ठेवून कफील, म्हणजे ज्याच्या हमीवर तो तिथे राहत होता तो मालक, त्याला मायदेशी परत पाठवणार होता. घरची चार माणसं त्याच्या पगारावर होती.

मी त्याला समोर बसवलं. "कुणाला विकलास?"

"नाय साहेब, ह्योच तो गालिचा."

दहा वेळा विचारलं, दहा वेळा तेच उत्तर. नजर मात्र जमिनीला. हा काहीतरी लपवतोय हे मी ओळखलं. ते खरंही होतं आणि तिथेच मी फसलो.

शेवटी पंचनाम्याच्या सवयीने जुना फोटो घेऊन एकेक फूल जुळवू लागलो. एका कमळाची पाकळी विणकराने निळ्याऐवजी हिरवी भरली होती. फोटोत ते कमळ दाराजवळ होतं, इथे खिडकीजवळ. खिडकीशी जाऊन वळून पाहिलं, तर गालिचा पूर्वीसारखा गडद लाल! लोकरीची लव एकीकडे झुकलेली असते. एका टोकाकडून रंग फिका दिसतो, दुसऱ्याकडून गडद.

"तू हा फिरवून अंथरलास?"

त्याचे डोळे भरून आले. "महिरपीचं टोक दाराकडं व्हतं, साहेब. मनाला बरं वाटंना, म्हनून किब्ल्याकडं, मक्केच्या दिशेला केलं. कुनाला इचारलं नाय, म्हनून घाबरलो."

"मग सकाळीच का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलंत कुठं? कुनाला इकलास, येवढंच इचारत व्हतात."

व्यवस्थापकाने हिरवी पाकळी स्वतः पाहिली आणि त्या कामगाराची नोकरी वाचली. मी त्याची माफी मागितली, तर तोच बिचारा ओशाळला.

पोलिसांच्या नोकरीत मी शेकडो जणांचे जबाब घेतले. त्यातल्या कितीजणांना पहिला प्रश्नच मी गुन्हेगार ठरवून विचारला असेल? काहीजण शिक्षा भोगून आले. त्यांना आता पुन्हा काय विचारू?