टीव्हीला शिव्या घालणारा गहिनीनाथ

आमच्या गावात टीव्ही पाहणारे पुष्कळ आहेत, टीव्हीशी भांडणारा एकटा गहिनीनाथ. दिवसभर मेंढरं हिंडवायची, दिवेलागणीला ती वाडग्यात कोंडायची, हातपाय धुवायचे आणि भिंतीला टेकून पडद्यावरच्या माणसांची बिनपाण्यानं करायची, हा त्याचा नेम. त्याला मालिका चालत नाहीत, बातम्या चालत नाहीत. त्याला स्पर्धा लागतात. गाण्याची, नाचाची, स्वयंपाकाची, घरात कोंडून घेऊन भांडायची, कसलीही चालेल. कोणीतरी हरलं पाहिजे, आणि ते का हरलं हे गहिनीनाथनं सांगितलं पाहिजे.

माझं पाटोद्याच्या रस्त्याला डिश बसवायचं आणि रिचार्जचं दुकान आहे. त्याच्या पत्र्यावरची छत्री वाऱ्यानं फिरली की मला बोलावणं येतं. छत्री पाच मिनिटांत सरळ होते, पण तो मला उठू देत नाही. ऐकायला कोणी नसलं तर शिव्या वाया जातात ना.

स्वयंपाकाची स्पर्धा लागली की तो पुढं सरकून बसायचा. ‘‘एवढ्या मोठ्या ताटात एवढूसं वाढलंय. अन् हे परीक्षक डोळे मिटून खायलेत. डोळे उघड ना बे, ताट रिकामं हाय!’’ प्रश्नमंजुषेवर तर त्याचा विशेष राग. ‘‘चार उत्तरं म्होरं मांडलीत, तरी घाम पुसायलाय. वरून दोस्ताला फोन लावायचा म्हणं. मी बाजारात मेंढी घेताना कोणाला फोन लावू, तुझ्या बापाला?’’ घरात कोंडलेली माणसं भांडायला लागली की म्हणायचा, ‘‘लोळून लोळून भांडायलेत. लेकांनो, उठा, एखादा गोठा तरी झाडा.’’ त्याची बायको केशरबाई आतून म्हणायची, ‘‘तुमी कधी झाडला?’’ पण तेवढ्यापुरता गहिनीनाथ बहिरा व्हायचा.

सगळ्यात त्याच्या डोक्यात जायचं ते रडणं. गाण्याच्या आधी गायकाचं घर दाखवतात, गळका पत्रा दाखवतात, आई पदर डोळ्याला लावते, आणि मग परीक्षक खुर्चीत हुंदके देतात. ‘‘गळा कसाय ते इचारीना कोणी,’’ गहिनीनाथ ओरडायचा. ‘‘नुसतं छप्पर मोजायलेत!’’ आणि शेवटी, रोज, न चुकता त्याचा निकाल ठरलेला: ‘‘मतंबितं सगळं थोतांड हाय. कोण जिंकणार ते च्यानलवाल्यानं आधीच ठरवलेलं असतंय. येडी दुनिया उगं बोटं झिजवायली.’’

मुंबई त्यानं पाहिलेली नाही. च्यानलवाला तर सोडाच, साधा केबलवालासुद्धा त्याच्या ओळखीचा नव्हता, मी सोडून. पण सांगायचा असा, की आदल्या दिवशी ठरवायला हाच बसला होता. आणि एवढं थोतांड असूनही एक भाग चुकवायचा नाही. पाहुण्याच्या लग्नातून हळद लावून उठून आलेला माणूस आहे हा, कारण त्या दिवशी उपांत्य फेरी होती.

या शिव्यांखाली एक पोरगी वाढत होती. गहिनीनाथची बहीण कडूबाई आणि तिचा नवरा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन गोदाकाठाला उतरतात, ते पावसाळ्याच्या तोंडाला परततात. शाळा बुडू नये म्हणून त्यांची सुकन्या मामाकडं ठेवलेली. मामा टीव्हीवर खेकसायचा, ‘‘सोडला, सूर सोडला गाढवानं!’’ आणि कोपऱ्यात गृहपाठ करणारी सुकन्या मान वर न करता तीच ओळ नीट म्हणून दाखवायची. गहिनीनाथ ताबडतोब आवाज बंद करायचा. ‘‘म्हण, पुन्यांदा म्हण.’’ ती म्हणायची. तो माझ्याकडं असा बघायचा, जसा काही गळा ह्याचाच. खरं सांगायचं तर पोरीला दुसरा गुरू मिळाला नाही. दुसऱ्याच्या चुका ऐकत ऐकत ती गायला शिकली.

‘गावाकडचा गळा’ म्हणून एक कार्यक्रम निघाला, तेव्हा तिचं गाणं माझ्याच दुकानात मोबाइलवर भरून आम्ही पाठवलं. पोरगी निवडली गेली. कडूबाई मेंढरं नवऱ्यावर टाकून तिच्यासोबत मुंबईला गेली. तिथं दोघींचे मोबाइल काढून घेतले, म्हणजे बाहेरचं काही कळायला नको. आता सुकन्या आम्हाला दिसायची ती फक्त शनिवारी, पडद्यावर.

पहिल्याच भागात त्यांनी तिला अनवाणी मेंढरांमागं चालताना दाखवलं. ‘‘चपला कुठंयत तिच्या?’’ गहिनीनाथ कडाडला. ‘‘म्या पाटोद्यातून नव्या घेऊन दिल्यात! काढायला लावल्या हरामखोरांनी!’’ मग ती गायली. गाणं संपलं आणि मी पाहिलं तर हा डोळे पुसत होता. माझं लक्ष गेलेलं त्याला कळलं. ‘‘धूर लई झालाय,’’ म्हणाला. केशरबाई गॅसवर भाकरी भाजत होती.

सुकन्या एकेक आठवडा टिकत गेली, आणि त्याच कार्यक्रमात आष्टीकडचा एक पोरगा, सोमेश्वर, तोही टिकत गेला. झालं. एका जिल्ह्याचे दोन उमेदवार म्हटल्यावर सुंदररावांचं डोकं चालू झालं. सुंदरराव म्हणजे आमच्या गावचे जमीनदार आणि पुढारी. त्यांना जिल्हा परिषदेला उभं राहायचं होतं, आणि त्यासाठी आष्टीच्या बाजूच्या एका पुढाऱ्याची साथ पाहिजे होती. गाण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नाही. पण मतं फुटतात म्हणजे काय, हे त्यांना झोपेतही कळतं.

त्यांनी बिरोबाच्या देवळापुढं बैठक बोलावली. आम्ही सगळे गेलो. सुंदरराव म्हणाले, ‘‘आपली मतं हिकडं, त्यांची मतं तिकडं, अन् मधल्या मधी तिसराच निवडून यायचा. म्हणून म्या बोलणं केलंय. ह्या हप्त्यात आपलं गाव अन् आजूबाजूच्या वाड्यावस्त्या सोमेश्वरला मत देणार. म्होरल्या हप्त्यात आष्टीकडची समदी मतं सुकन्याला. बिनविरोध काम.’’

सरपंचपद अडीच-अडीच वर्षं वाटून घेतात, तसं ह्या माणसानं गाणं वाटून घेतलं होतं. आणि माना डोलावणारे काय कमी होते? आमच्याकडं निवडणूक बिनविरोध झाली की आपण फार मोठं शहाणपण केलं असं वाटतं लोकांना. फटाके वाजवतात.

गहिनीनाथ मात्र उठला. त्याला नियम पाठ होते. ‘‘मालक, तिथं म्होरला हप्ता नसतोय. ज्याला सगळ्यात कमी मतं, त्यो त्याच दिशी घरी. पोरगी पडंल.’’

सुंदरराव हसले. घाई नाही, गडबड नाही. त्यांनी तंबाखू मळली आणि सगळ्यांदेखत विचारलं, ‘‘गहिनीनाथ, मतंबितं थोतांड असतंय, हे कोण म्हणतंय रे रोज? च्यानलवाल्यानं आधीच ठरवलेलं असतंय, असंच ना?’’

लोक हसले. साऱ्या गावानं ते त्याच्या तोंडून ऐकलेलं होतं.

‘‘मग थोतांडातलं एक मत आष्टीला दिलं तर तुझं काय बिघडतंय? का आता भाचीची बारी आली तर खरं झालं समदं?’’

ह्यावर बोलायचं काय? एवढंच म्हणायचं होतं, की मालक, मी इतकी वर्षं चघळत होतो ते उगीच होतं, मला त्यातलं काही माहीत नाही. पण आयुष्यभर परीक्षकांची अक्कल काढलेल्या माणसाच्या तोंडून ‘मला माहीत नाही’ निघत नाही. त्यापेक्षा भाची गेलेली परवडली. शिवाय सुंदररावांच्या रानात खतासाठी त्याची मेंढरं बसतात, त्यावर चार पैसे मिळतात, हेही होतंच. पण मी त्याला ओळखतो. मेंढरं त्यानं दुसरीकडं बसवली असती. तोंड कुठं लपवणार होता?

मग देवळातून ताट आलं. आमच्याकडं पुढारी कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाहीत, स्वतःच्याही नाही, म्हणून मतदानाआधी हातावर बेलाचं पान आणि देवाचा भंडारा देऊन शपथ घ्यायला लावतात. आजवर आमदारकीला, सोसायटीला, दूध संघाला भंडारा उचललेला आम्ही पाहिला होता. गाण्याला पहिल्यांदाच. एकेक जण उचलत गेला. गहिनीनाथच्या हातावर ठेवला तेव्हा तो क्षणभर त्या पिवळ्या चिमटीकडं बघत राहिला, मग कपाळाला लावला आणि बाहेर पडला.

आमच्या गावात नीट रेंज येते ती टेकडीवर. मतदानाच्या दिवशी घराघरातला मोबाइल घेऊन सगळे पुरुष वर चढले. सुंदररावांचा माणूस मध्ये उभा राहून प्रत्येकाचा पडदा बघत होता. मला वाटलं होतं, गहिनीनाथ काहीतरी युक्ती काढेल, बॅटरी संपली म्हणेल. नाही काढली. देवाचा भंडारा मोडणाऱ्यातला तो नाही. ज्याच्या गाण्याला त्यानं मागच्याच शनिवारी ‘दारात अडकलेलं बोकड’ म्हटलं होतं, त्या सोमेश्वरला त्यानं मत दिलं आणि खाली उतरला.

केशरबाई दारात वाट बघत होती. बायकांना बैठकीला बोलावलं नव्हतं, त्यामुळं तिला काही पत्ता नव्हता. ‘‘दिलंत का मत?’’

‘‘दिलं,’’ गहिनीनाथ म्हणाला आणि मेंढरांकडं गेला.

शनिवारी सुंदररावांनी देवळापुढं मोठा पडदा लावून घेतला. लावला मीच. पडद्याच्या वर त्यांचा बॅनर, त्यात त्यांचा फोटो दरवाजाएवढा आणि सुकन्याचा पोस्टाच्या तिकिटाएवढा. बायाबापड्या, पोरंसोरं, सगळे जमले. सुकन्या त्या दिवशी असं गायली की बॅनरवरचा फोटोसुद्धा गप्प बसला असता. परीक्षक उभे राहिले. सुंदरराव मागं वळून म्हणाले, ‘‘बघा. वरच हाय ती. म्या म्हणलं न्हवतं?’’

मग निकाल लागला. सोमेश्वर पुढच्या फेरीत. सगळ्यात कमी मतं सुकन्याला.

आपणच पाडलं आणि आपल्यालाच धक्का बसला, असे आम्ही लोक. पडद्यावर कडूबाई खुर्चीत बसल्या जागी डोक्यावरचा पदर ओढून घेत होती. निवेदिका गोड आवाजात म्हणाली, ‘‘सुकन्या, यावेळी तुझ्या स्वतःच्या भागातून मतंच आली नाहीत. गाव रागावलंय का तुझ्यावर?’’

आता पोरगी रडणार, म्हणून कॅमेरा अगदी तिच्या तोंडाशी गेला. ती रडली नाही. उलट घाईघाईनं गावाची बाजू घ्यायला लागली.

‘‘न्हाई न्हाई, रागावलं कावून? आमच्याकडं रेंजच नसती. मत द्यायला टेकडी चढावी लागती. माझा मामा चढला असंल बघा. त्याचा गुडघा दुखतो, तरी चढला असंल, मोबाइल असा वर धरून उभा असंल, अन् मत जाईना म्हणून त्या मोबाइललाच शिव्या देत असंल.’’ तिथले लोक हसले. तीही हसली. मग कॅमेऱ्यात बघून म्हणाली, ‘‘मामा, जाऊ दे आता. मत न्हाई गेलं तर न्हाई गेलं. तू खाली उतर. पाय जपून टाक.’’

परीक्षकांनी रुमाल काढले.

इकडं केशरबाई बायकांतून उठून पुरुषांच्या बाजूला आली. अशी ती कधी येत नाही. ‘‘तुमचं मत तर गेलं होतं,’’ ती म्हणाली. ‘‘कोणाला गेलं?’’

‘‘भंडारा उचलला होता म्या,’’ गहिनीनाथ म्हणाला.

तिनं पायात चपला घातल्या आणि घराकडं चालायला लागली. तिच्यामागं चार-सहा बाया उठल्या.

लोक उठायला लागलेले पाहून सुंदररावांनी माइक हातात घेतला. निवडणुकीला उभं राहणाऱ्या माणसाला गर्दी पांगलेली सोसत नाही. ‘‘बसा, बसा समदे,’’ ते म्हणाले. ‘‘नाराज व्हायचं काम न्हाई. ठरल्यापरमानं म्होरल्या हप्त्यात आष्टीची समदी मतं आपल्या सुकन्याला...’’

‘‘कोण्या हप्त्यात बे, सुंदऱ्या?’’ गहिनीनाथ म्हणाला. ‘‘पोरगी घरी निघाली.’’