मेणावर घे!

"नालकू एड! ए, नालकू एड!" पाळण्यांत माणसं बसवणारा बाळू खालून ओरडला आणि माझं बोलणं तोंडातच राहिलं.

मी माईकवर होतो. मेढ्याजवळच्या एका गावची जत्रा, दिवस मावळायला आलेला, आकाशपाळणा गच्च भरलेला. मी उंब्रजचा. लाऊडस्पीकर भाड्यानं देणं हा आमच्या घरचा धंदा. पण नुसते कर्णे बांधून आणि कॅसेट लावून गप बसणं मला जमत नाही, मला बोलायला लागतं! म्हणून जत्रेच्या दिवसांत मी शेवंताआक्कांच्या चाकावर, म्हणजे या आकाशपाळण्यावर, अनाउन्सर. आक्का चाकाच्या मालकीण.

आता 'नालकू एड' म्हणजे काय, ते आधी सांगतो. त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आणि खरं सांगू का, मला हे सांगायला लय आवडतं!

जत्रेत फिरणाऱ्या लोकांची एक बोली असते. गर्दी म्हणजे 'पाणी'. एवढ्या पाण्यात उभा राहून जो तिकीट काढत नाही, नुसता वर बघतो, तो 'सुका'. पोलीस म्हणजे 'दाजी', कारण दाजी दारात आले की नाही म्हणता येत नाही. आणि चाक हळूहळू, अजिबात धक्का न देता फिरवायचं असेल तर 'मेणावर घे'. हे कुठनं आलं ते मला दस्तगीरभाईंनी सांगितलं. ते इंजिन सांभाळतात. इंजिनाच्या पट्ट्याला राळ लावली की तो घट्ट धरतो. मेण लागलं की सरकतो आणि चाक मंदावतं. आता मेण कोणी लावत नाही, शब्द तेवढा राहिलाय.

आकडे मात्र कानडी! आक्कांचे सासरे हा धंदा अथणीकडच्या एका उस्तादाकडं शिकले. तो मोजायचा ओंदू, एरडू, मूरू, नालकू. एड म्हणजे डावी बाजू. आता मेढ्याकडं कानडी कुणाला कळतंय? म्हणून गिऱ्हाइकासमोर काहीही बिनधास्त बोलता येतं.

तर 'नालकू एड' म्हणजे चार नंबरच्या पाळण्याची डावी पिन. प्रत्येक पाळणा दोन बाजूंच्या दोन जाड पिनांवर लटकतो. पिन बाहेर सरकू नये म्हणून तिच्यात एक बारकी आडवी खीळ असते. ती खीळ पडली होती. चार नंबर खालून जाताना बाळूला ते दिसलं, आणि तोवर पाळणा वर निघालासुद्धा.

अशा वेळी ब्रेक मारायचा नाही. धक्क्यानं पिन निसटते. एक सावकाश फेरी घ्यायची, पाळणा खाली आणायचा, माणसं उतरवायची. आणि कुणाला कळू द्यायचं नाही. एक घाबरून उठला की सगळे उठतात.

मी माईक तोंडाला लावला. आवाज हसरा ठेवला. "दस्तगीरभाई, मेणावर घ्या, मेणावर! नालकू एड, नालकू एड! मंडळी, ही खास फेरी, आरामात बसा, डोंगर बघा!"

चाक मंदावलं. सात नंबरमधनं एकजण खेकसला, "जोरात घ्या की रं! झोप लागाय लागली!"

"झोपा की पाव्हणं, उठवतो!" मी म्हणालो. लोक हसले.

चार नंबरमध्ये एक म्हातारे आणि त्यांची लहान नात. पाळणा पार टोकावर गेला आणि म्हातारे हलले.

"आता गं बया, ह्यो का हलतुया?" आक्कांनी माझी बाही धरली.

वर म्हाताऱ्यांनी नातीला अलगद खाली फळीवर बसवलं, दोन पायांच्या मधे. मग स्वतः बसल्या बसल्या दुसऱ्या टोकाला सरकले, दांडा धरला आणि तसेच राहिले. आवाज नाही, काही नाही. मी माईकवर काय बडबडत होतो ते मला आजही आठवत नाही.

पाळणा खाली आला. बाळूनं तो कवेत धरला. नात उतरली, आजोबा उतरले. पिन निम्म्याहून जास्त बाहेर आली होती. बाकीच्यांना "इंजिन तापलंय" सांगून उतरवलं.

आजोबा सरळ आक्कांकडं आले.

"बाई, चाकाच्या मालकीण तुमी?"

"व्हय. बसा आजोबा, चहा घ्या."

"चहा ऱ्हाऊ द्या. नालकू एड म्हणत हुता नव्हं?"

आम्ही सगळे गार! "तुमास्नी कानडी येतंय?" मी विचारलं.

"जतच्या पल्याडचा हाय मी. मेंढरं घिऊन कोकणात गेल्तो, आता म्हागारी निघालोय. आमच्याकडं निम्मा बाजार कानडीतच हुतोय." त्यांनी पाळण्याकडं बोट केलं. "आकडा लिवलाय, चार. पर डावं म्हंजी तुमचं का माजं, ते कळंना. म्हणून दोनी अंगाला बगितलं. तर हिकडं पिन भायेर."

"लय शाना माणूस," दस्तगीरभाई म्हणाले.

"शाना न्हाई रं, घाबारलो हुतो. पर ठावं हुतं म्हणून कायतरी करता आलं. नात मांडीवर हुती आन् मी त्याच अंगाला रेलून बसलो हुतो. कानडी येत नसती तर?"

आक्का हळू आवाजात म्हणाल्या, "आवं, सांगितलं की लोक आरडत्यात."

"समद्यास्नी नगा सांगू. ज्येच्या बुडाखाली हाय, त्येला तर सांगा!"

 आक्का बाहेर आलेल्या पिनेकडं बघत म्हणाल्या, "उद्या पिना बदलते. मग नातीला घिऊन या, फुकट बसवते."

"आदी तुमी बसा," आजोबा म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले.

ते गेल्यावर मी विचार करत बसलो. मला ही बोली म्हणजे लय भारी गंमत वाटायची. उस्तादानं गुपित म्हणून काढली असणार, असंच धरून चाललो होतो. पण उस्तादाचं चाक अथणीत फिरत होतं! तिथं 'नालकू एड' म्हटलं की चार नंबरमधल्या माणसाला आधी कळत होतं. तो साधा इशारा होता. चाक इकडं आलं, शब्द तेच राहिले आणि त्याचं गुपित झालं. आम्ही कुणी ठरवलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी कुपवाडहून एक फिटर आला. सगळ्या पिना बदलल्या, खिळी जाड बसवल्या. पहिल्या फेरीला आक्का आणि दस्तगीरभाई चार नंबरमध्ये बसले. इतक्या वर्षांत आक्का स्वतःच्या चाकात पहिल्यांदा बसल्या, डोळे गच्च मिटून.

बोली बंद केली नाही. इंजिनवाल्याला झटकन कळायला ती लागतेच. फक्त आता अशी हाक दिली की बाळू वर निघालेल्या पाळण्यासोबत दोन पावलं धावतो आणि आत बसलेल्याला साध्या मराठीत सांगतो, कुठल्या बाजूला सरकायचं ते. आणि मी माईकवर तेवढा वेळ गप्प बसतो. तेच मला सगळ्यात अवघड जातं.

त्यानंतर एकदाच तशी वेळ आली. पाळण्यात एकटी बाई होती. ओरडेल म्हणून आम्ही सगळे श्वास धरून उभे. तिनं बाळूचं ऐकलं, मान हलवली, पदर खोचला आणि सरकून बसली.