साक्षीतून मी गाळलेल्या गोळ्या

रविवारची उपासना आटोपून घरी आलो आणि चपला काढतो तोच फोन वाजला. भास्करभाऊ बोलत होते. एटापल्लीच्या अलीकडे जंगलातल्या एका गावात आमच्या ख्रिस्ती मंडळीची काही घरं आहेत, तिथली प्रार्थना ते चालवतात. आवाज आनंदाने भरून आलेला. "प्रभूची स्तुती असो, भाऊ! तुमची साक्ष इकडे काम करून राह्यली. आमची मैनाबाई हाय ना, टीबीवाली, तिनं मोबाईलवर तुमचा व्हिडिओ पाह्यला अन् गोळ्याच बंद केल्या. म्हणते, ऊर्जानगरच्या भाऊले बिनागोळीनं बरं केलं, तं मले काऊन नाई करणार?"

मी विचारलं, आता तब्येत कशी आहे. म्हणाले, "खोकल्यातून रक्त पडते. पण विश्वास पक्का हाय." मी कसाबसा म्हणालो, "भास्करभाऊ, तिले गोळ्या खाऊ द्या." ते हसले. "पाहा, भाऊ परीक्षा घेऊन राह्यले आमची!" आणि फोन ठेवला. मला बिनागोळीनं कोणी बरं केलं नव्हतं. मी गोळ्या खाल्ल्या होत्या. पूर्ण खाल्ल्या होत्या, शेवटच्या गोळीपर्यंत. हे माहीत असलेला माणूस आता मी एकटाच उरलो होतो.

आजारी पडलो तेव्हा मी वीज केंद्रात कोळसा विभागात नोकरीला होतो. ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहायचो. खोकला जाईना, अंगावरचं मांस उतरलं, आणि तपासात क्षयरोग निघाला. वंदनाबाई नावाच्या आरोग्यसेविका घरी यायच्या. त्या बौद्ध समाजाच्या, माझ्या बायकोशी त्यांची चांगली गट्टी जमली होती. त्या दारात उभ्या राहत, माझ्या हातावर गोळ्या ठेवत आणि मी गिळेपर्यंत हलत नसत. "तोंड उघडा भाऊ, जिभेखाली दाबली नाई ना?" असं लहान मुलाला विचारावं तसं विचारत. मला राग यायचा. इकडे मंडळी प्रार्थना करत होती, उपास धरत होती. मी बरा झालो.

बरा झाल्यावर मंडळीत उभं राहून साक्ष द्यायची, म्हणजे देवाने काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायची, आपल्याकडे रीत आहे. मीही दिली. प्रभूने मला उठवलं, एवढंच सांगितलं. गोळ्यांचं नाव घेतलं नाही, पण तोवर मी खोटं बोललो नव्हतो. पुढे एका मेळाव्यात बाहेरून आलेल्या प्रचारकांनी भर मंचावर माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "भाऊ, औषध घेतलं होतं का?" मांडव भरलेला, सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. मी मान हलवली. नाही. लोक उठून उभे राहिले, टाळ्या, हालेलूया. घरी परतताना बायको एवढंच म्हणाली, "वंदनाबाईनं आयकलं असतं तं काय म्हटलं असतं जी?" मी तिला गप्प केलं. ती पुन्हा कधी बोलली नाही, आणि माझ्या साक्षीच्या वेळी ती बाहेर चपलांजवळ जाऊन बसू लागली. आता ती नाही. वंदनाबाईही गेल्या.

मी स्वतःची समजूत कशी घातली होती, तेही सांगतो. तारण, म्हणजे पापातून सुटका, माणसाच्या कृतीने मिळत नाही, ते कृपेने मिळतं आणि विश्वासाने घ्यायचं असतं, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. आजही तेच मानतो. पण मी त्यातून माझ्या सोयीचा अर्थ काढला. गोळी गिळणं ही माणसाची कृती, ती सांगितली तर देवाचा महिमा कमी होईल, म्हणून ती गाळलेली बरी. महिमा देवाचा म्हणायचो आणि टाळ्या मी घ्यायचो. आत मात्र ते 'नाही' सलत राहिलं. त्याची भरपाई म्हणून मी मंडळीत राबलो. प्रार्थनामंदिर झाडलं, मयतीला खड्डे खणले, आजाऱ्यांच्या उशाशी बसलो. लोक म्हणत, भाऊंची सेवा मोठी. मला वाटे, इतकी कामं केल्यावर तेवढं एक झाकलं जाईल. म्हणजे तोंडाने मी विश्वासाने तारण सांगत होतो आणि मनात कामांनी ते विकत घेऊ पाहत होतो. मागे एका उन्हाळ्यात कोणीतरी माझी साक्ष मोबाईलवर टिपली, आणि ती माझ्याआधी जंगलात पोचली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने मी निघालो. मुलाला खरं कारण सांगितलं नाही. गोंडपिपरी, आष्टी करत गाडी चालली होती आणि मी खिडकीतून बाहेर बघत एकच विचार करत होतो, की मी पोचायच्या आत ती गेली तर. प्रार्थना करायला गेलो तर शब्द येईनात. ज्या तोंडाने ते 'नाही' सांगितलं त्याच तोंडाने काय मागायचं? आलापल्लीला कंडक्टरने सांगून टाकलं, "लोहखनिजाचे ट्रक अडकले आहेत, गाडी पुढं नाई जाणार. उतरा." मी स्टँडवर उभा राहिलो. ऊन चढत होतं. कोणाला विचारावं कळेना, म्हणून खांबाला टेकलो.

प्लास्टिकच्या बादल्या आणि टबांनी भरलेली एक पिकअप माझ्यासमोर थांबली. चालवणारा रफीकभाई, आठवडी बाजार करणारा. "बाबा, कुठी जाचं हाय?" मी गावाचं नाव सांगितलं. "आतल्या रस्त्यानं नेतो, बसा. तिकडेच बाजार हाय माझा." मी त्याला हात केला नव्हता. तो का थांबला हे मी नंतर विचारलं, तर म्हणाला, तुम्ही पडाले आले होते म्हणून. एवढंच कारण.

थोडं अंतर गेल्यावर तो म्हणाला, "कोनाच्या मयतीले चालले का बाबा? तोंड तसंच करून बसले." आणि मी त्या अनोळखी माणसाला सगळं सांगितलं. मंडळीच्या पाळकांना नाही, मुलाला नाही, पण त्याला सांगितलं. ऐकून तो हसला. "बस, एवढंच? मले वाटलं खून-बिन केला का काय या बुढ्यानं." मलाही हलकं वाटलं. मग वळणावर गिअर बदलताना, आभाळाकडे बघून पाऊस येईल म्हणावं तितक्या सहज तो बोलला, "पण बाई मेली तं खूनच म्हणा लागन." गाव येईपर्यंत मी डॅशबोर्ड घट्ट धरून बसलो.

मैनाबाई जिवंत होती. अंगणात मोहाच्या झाडाखाली बाजेवर पडली होती. नवरा लालसू पायथ्याशी बसलेला. मी येणार म्हणून भास्करभाऊंना निरोप होता, त्यामुळे मंडळी जमली होती, गाणं चाललं होतं, माझ्यासाठी खुर्ची मांडली होती. भास्करभाऊंनी मला बाजेपाशी नेलं. "हात ठेवा भाऊ, तिच्या डोक्यावर. रस्ता पाहून राह्यली कवाची." तिने डोळे मिटून घेतले. इतक्या भरवशाने मिटले की मला पळून जावंसं वाटलं.

मी हात ठेवला नाही. उभ्या उभ्या सांगितलं. गोळ्या खाल्ल्या, सगळ्या खाल्ल्या, मंचावर खोटं बोललो. गाणं थांबलं. कोणीतरी म्हातारी हळूच म्हणाली, "काय बोलून राह्यला हा?" भास्करभाऊंचा चेहरा काळवंडला. "सैतान बोलून राह्यला यांच्या तोंडातून," ते लोकांना म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळून, "भाऊ, ते खोटं होतं का हे खोटं हाय? कोनतं खरं मानाचं आम्ही?"

खोटं बोललेल्या माणसाच्या शब्दाला काय किंमत? मी धावत आलो होतो ते सत्य सांगून तिला वाचवायला, आणि माझ्या सत्याचं आता काहीच चालत नव्हतं. आयुष्यभर राबलेली माझी सेवाही तिथे उपयोगी पडेना. माझ्यासाठी मांडलेल्या खुर्चीत न बसता मी खाली मातीत बसलो. मनात एवढंच आलं, प्रभू, माझ्या हातात आता काही नाही, तू बघ. इतक्या वर्षांत ही माझी पहिली खरी प्रार्थना असावी.

मैनाबाईने डोळे उघडले होते. ती मान वळवून माझ्याकडे बघत होती. "भाऊ, एक सांगा," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक. "गोळ्या खात होते तवा तुमचा विश्वास होता का?"

"नाही बाई," मी म्हणालो. "ना गोळीवर, ना देवावर. लय भेलो होतो. ती बाई दारात उभी राहे म्हणून खात होतो."

"तरी बरे झाले?"

"तरी झालो."

मग तिच्या ओठांवर हसू आलं आणि हसण्याबरोबर खोकल्याची उबळ आली. लालसूने तिला धरलं. फडक्यावर लाल डाग उमटला. श्वास बसल्यावर ती भास्करभाऊंना म्हणाली, "यांचा विश्वास नाई तरी देवानं उठवलं. मंग मले काऊन एवढा विश्वास करा लागून राह्यला? रात्रंदिवस विश्वास करू करू थकली ना मी, भाऊ. मनात जराशी शंका आली का भेव वाटे, आता मरते म्हणून." आणि नवऱ्याला म्हणाली, "गोळ्या कुठी ठेवल्या जी? चाल, दवाखान्यात."

मी तिला पटवलं नव्हतं. मी जे कधीच सांगणार नव्हतो, माझ्या अविश्वासाचं, तेवढंच नेमकं तिने विचारलं. ते तिला कोणी सुचवलं यावर मी वाद घालणार नाही. कृपा फुकट असते हे मी शेकडो वेळा उभा राहून सांगितलं होतं, पण मला ते त्या बाजेवरून कळलं. मी कामांची मजुरी जमवत होतो आणि ती बिचारी विश्वासाची. दोघांनीही जे मिळालेलं होतं ते घ्यायचं सोडून दिलं होतं.

वाहन कुठून आणायचं, असा प्रश्न निघाला तेव्हा लक्षात आलं, की पिकअप अजून कुंपणाबाहेर उभी आहे. रफीकभाई बाजाराला गेलाच नव्हता. "म्हटलं, पाहू काय होते ते," तो म्हणाला आणि पुढच्या सीटवरचं सामान मागे टाकू लागला. भास्करभाऊ बराच वेळ लांब उभे होते. मग आले, आणि त्यांनी मैनाबाईला एका बाजूने उचललं. लालसू आणि मी मागे, बादल्यांमध्ये बसलो. खड्ड्यात गाडी आदळली की ती खोकायची, आणि आम्ही दोघे जीव मुठीत धरून केबिनच्या मागच्या काचेतून तिचं डोकं हलतं आहे का ते बघायचो.

दवाखान्यात तिला भरती करून घेतलं. औषध मध्येच सोडल्याने रोग चिवट झाला असण्याची भीती डॉक्टरांनी सांगितली. थुंकी पुन्हा तपासली, औषध सुरू झालं. ती बरी होईलच असं मी लिहू शकत नाही. यापुढे मला माहीत नसलेली गोष्ट मी साक्षीत घालणार नाही.

पुढच्या रविवारी आमच्या मंडळीत उभा राहून मी सगळं सांगितलं. काहींनी मान खाली घातली, काही जण हल्ली नमस्कार टाळतात. पाळकसाहेब म्हणाले, आता वयाच्या या टोकाला कशाला उकरता? पण तो व्हिडिओ अजून कोणाकोणाच्या मोबाईलवर फिरतो आहे, आणि मला त्याची फार धास्ती वाटते. म्हणूनच हे लिहितो आहे. माझी साक्ष ऐकून कोणी गोळी सोडली असेल, तर हात जोडून सांगतो, आजच दवाखान्यात जा. प्रार्थनाही करा. दोन्ही एकाच हाताचं देणं आहे. गोळी गिळल्याने तुम्ही तारणाला मुकत नाही, आणि न गिळल्याने ते कमावतही नाही.

काही दिवसांनी मी मैनाबाईला भेटायला दवाखान्यात गेलो. पिशवीत फळं होती, अंडी होती, आणि मनात माफीची वाक्यं घोकून ठेवलेली. ती व्हरांड्यात उन्हात बसली होती, तोंडाला रुमाल बांधून. चेहऱ्यावर अजून रया नव्हती. मी हात जोडले आणि सुरू केलं, तर तिने मध्येच थांबवलं.

"ते तं मी त्याच दिवशी सोडून देल्लं, भाऊ. तुमी अजून धरूनच बसले का?" मग लालसूकडे वळून, "वाढ ना भाऊले. इतक्या दुरून आले, उपाशी असन."

लालसूने डब्यातला भात आणि चवळीची भाजी माझ्यापुढे ठेवली. पिशवी मी बाकाखाली सरकवली. ती नंतर द्यायचीच होती, पण आधी मला घ्यायचं होतं, आणि ते मला फार जड गेलं. मैनाबाई लांबून बघत होती, मी नीट जेवतो की नाही म्हणून. त्या बाईचे आणि माझ्या प्रभूचे आभार मानायला मी तोंड उघडलं, पण बोलता आलं नाही. तोंडात घास होता.